३१ जुलै ही शेवटची तारीख

हा मजकूर जिल्हाधिकारी, महापालिकांचे आयुक्त, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि खाजगी रुग्णालयांचे मालक यांच्यासाठी आहे. विनंत्या, निवेदनं, मेणबत्त्या हे सगळं २०२१ मध्ये करून झालं. आता मुदत देत आहोत, आणि ती मुदत आमची नाही, कायद्याचीच आहे.

ते वर्ष ज्यांच्या फायलींतून निघून गेलं असेल त्यांनी पुन्हा वाचावं. ९ जानेवारी, भंडारा जिल्हा रुग्णालय: मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. काही भाजून, बाकीची धुरात गुदमरून. २५ मार्चची रात्र, भांडुप: मॉलच्या वरच्या मजल्यावर कोविड रुग्णालय थाटलेलं, खाली मॉलमध्ये पेटलेल्या आगीचा धूर वर चढला आणि ११ जण गेले. ९ एप्रिल, नागपूरजवळ वाडी, रुग्णालयात आग, ४. २१ एप्रिल, नाशिक महापालिकेचं डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय: आवारातल्या ऑक्सिजन टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला, व्हेंटिलेटरवरचे आणि ऑक्सिजनवरचे २२ रुग्ण त्याच दिवशी संपले. दोनच दिवसांनी विरार, पहाटे आयसीयूत आग, १५. २८ एप्रिल, मुंब्रा, पुन्हा रुग्णालयात आग, ४. २२ जुलै, चिपळूण: वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात घुसलं, वीज गेली आणि एका कोविड रुग्णालयातले ८ रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबर, भाऊबीज, नगरचं जिल्हा रुग्णालय: कोविडसाठी नव्याने बांधलेल्या आयसीयूत सकाळी आग, ११.

आठ ठिकाणं, ८५ माणसं. दाखल झाल्यावर बाळ वाचेल, वडील वाचतील या भरवशावर घरच्यांनी त्यांना तिथे सोपवलं होतं.

याला अपघात म्हणायला आमची हरकत आहे. अपघात अचानक होतो. यांतल्या बहुतेक ठिकाणची कारणं आधीपासून भिंतीत, वायरीत आणि टेबलावरच्या फायलीत होती. भंडाऱ्यात अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव मंजुरीविना पडून होता, हे बाळं गेल्यावर उघड झालं. राजकोटच्या रुग्णालयातल्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमून कोविड रुग्णालयांचं दर महिन्याला फायर ऑडिट करायला सांगितलं होतं. भांडुप, वाडी, विरार, मुंब्रा आणि नगर ही यादी त्या आदेशानंतरची आहे.

आयसीयू पेटतं कसं, हे समजून घ्यायला अभियंता असावं लागत नाही. एका खाटेभोवती व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, वॉर्मर, सगळं चोवीस तास चालू. मूळ वायरिंग झालं तेव्हा यांतलं निम्मंही नव्हतं. खाटा वाढवल्या, एक्स्टेन्शन बोर्ड जोडले, एसी महिनोन्महिने बंद न करता चालवला, आणि मंजूर वीजभार मात्र होता तोच राहिला. खोलीच्या हवेत एरवी २१ टक्के ऑक्सिजन असतो. मास्कमधून, सैल जोडणीतून गळणारा ऑक्सिजन तिथे साचला की एरवी विझून जाणारी ठिणगी गादीचा फोम आणि पडदा पेटवते. खिडक्या एसीसाठी कायमच्या बंद केलेल्या. धूर बाहेर जात नाही, आणि आतला माणूस पळू शकत नाही, कारण त्याच्या घशात नळी आहे. नवजात बाळाचं तर बोलायलाच नको. अशा खोलीतून एका रुग्णाला बाहेर काढायला दोन-तीन माणसं, हाताने दाबायची अम्बू बॅग आणि सुटा सिलिंडर लागतो. रात्रपाळीला किती जण असतात, हे शल्यचिकित्सकांना आम्ही सांगायची गरज नाही.

पुराचंही तसंच. नदीकाठच्या गावात रुग्णालय बांधताना जनरेटर, मुख्य विद्युत पॅनेल, औषध भांडार आणि ऑक्सिजनचं मॅनिफोल्ड कुठे असतं? तळमजल्यावर किंवा तळघरात. म्हणजे पाणी चढलं की पहिल्या तासातच रुग्णालयाचे प्राण जातात, आणि वरच्या मजल्यावरचे रुग्ण कोरड्या खाटेवर मरतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत केईएमसारख्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या वॉर्डांत पाणी शिरलं होतं. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाची ही गत, तर चिपळूण, महाड, सांगली, शिरोळच्या लहान नर्सिंग होमचं काय? आणि पूर ओसरला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची लाट आली. ज्या दिवशी रुग्ण सर्वाधिक येणार, त्याच दिवशी रुग्णालय चिखलात असेल, तर आरोग्य यंत्रणा हा शब्द वापरू नये.

पैसा नाही, वेळ नाही, हे उत्तर आम्हाला चालणार नाही. नंदुरबार हा राज्यातला गरीब, आदिवासी जिल्हा. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर २०२० मध्ये, ऑक्सिजनचा पहिला प्रकल्प उभा केला आणि पुढे त्यात भर घातली. एप्रिल २०२१ मध्ये पुण्या-मुंबईची माणसं सिलिंडरसाठी रात्रभर फिरत होती, तेव्हा नंदुरबारला तशी धावाधाव करावी लागली नाही. भूजमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात जिल्हा रुग्णालय रुग्णांसकट कोसळलं. तीन वर्षांत तिथे नवं रुग्णालय उभं राहिलं, हादरा जमिनीतच अडवणाऱ्या खास पायावर. म्हणजे आपल्याला येतं. फक्त मरण पाहिल्याशिवाय करायचं नाही, असा शिरस्ता पडला आहे.

आता आमच्या मागण्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे बी फॉर्म म्हणतात, मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. ते या ३१ जुलैपर्यंत प्रत्येक सरकारी आणि खाजगी रुग्णालयाने द्यावं, आणि त्याची प्रत केसपेपरच्या खिडकीशेजारी, वाचता येईल अशी लावावी. त्याच्याच शेजारी विद्युत तपासणीची तारीख, आयसीयूचा मंजूर वीजभार आणि प्रत्यक्ष भार, शेवटच्या मॉक ड्रिलची तारीख. मॉक ड्रिल म्हणजे दिवसा अंगणात सिलिंडर फवारून काढलेला फोटो नव्हे. रात्री दोन वाजता, रात्रपाळीच्याच माणसांनी, खाटेवर माणूस झोपवून जिन्यावरून खाली आणायचा. जनरेटर नुसता सुरू करून बंद करायचा नाही, पूर्ण भारावर अर्धा तास चालवायचा. द्रव ऑक्सिजनची टाकी असेल तिथे गळती झाली तर कोणता व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा आणि राखीव सिलिंडरवर पुरवठा किती मिनिटांत वळतो, हे लिहून लावा. तो व्हॉल्व्ह ओळखणारा माणूस प्रत्येक पाळीत हजर हवा. ठेकेदाराचा माणूस येईपर्यंत रुग्ण थांबत नाही.

जी रुग्णालयं हे करणार नाहीत, तिथल्या इमारती रिकाम्या करून घेण्याचे आणि वीज-पाणी तोडण्याचे अधिकार याच कायद्याने अग्निशमन अधिकाऱ्यांना दिले आहेत. आम्ही रुग्णालयं बंद पाडा म्हणत नाही. रुग्ण आधी दुसरीकडे हलवा, दुरुस्ती करा, मग उघडा. पण नोटीस देऊन फाइल बंद करण्याचा खेळ थांबवा. नोटीस दिली होती, हे प्रत्येक आगीनंतर ऐकलेलं वाक्य आम्ही यापुढे बचाव म्हणून स्वीकारणार नाही. धोका माहीत होता, याची ती लेखी कबुली आहे.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला फार लागली आहे. भंडाऱ्याच्या आगीनंतर परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. नगरच्या आगीनंतर एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि परिचारिकांना अटक झाली. वरिष्ठांच्या बदल्या आणि निलंबनं झाली, पण हातकडीची भाषा खालच्यांसाठीच राहिली. ज्या बाईने वायरिंगचं बिल मंजूर केलं नाही, इमारतीचा ताबा घेतला नाही, प्रस्ताव अडवला नाही, तीच तेवढी पोलीस ठाण्यात. पुढच्या वेळी आम्ही ताबा पावतीवर कोणाची सही आहे, प्रस्ताव कोणाच्या टेबलावर किती महिने होता, हे आधी विचारणार, आणि फिर्यादीत ती नावं घालायला लावणार.

१ ऑगस्टला काय होईल ते आजच सांगून ठेवतो. प्रत्येक तालुक्यात माहिती अधिकाराचे अर्ज दाखल होतील. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, तेवढे आमच्याकडे आहेत. माहिती जीविताशी संबंधित असेल तर ४८ तासांत देण्याचं बंधन माहिती अधिकार अधिनियमात आहे, त्याच कलमाखाली मागू. बी फॉर्म न दिलेल्या रुग्णालयांची यादी ग्रामसभेत, गणेश मंडळांच्या फलकांवर आणि बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर लावू. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, म्हणून ती यादी पहिल्यांदा त्यांच्या हातात देऊ, म्हणजे नंतर माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहणार नाही. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही, तर उच्च न्यायालयात जाऊ, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे.

रुग्णालयांत राबणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय, वायरमन आणि निवासी डॉक्टरांना एकच सांगणं आहे. तुमच्या वॉर्डात बोर्ड तापतो, प्लग काळा पडला आहे, मागचा दरवाजा कुलूपबंद आहे, असं दिसलं तर तोंडी सांगून थांबू नका. साध्या कागदावर तारीख-वेळ घालून दोन प्रतींत लिहा, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का मारून घ्या. ती प्रत घरी ठेवा. शिक्का मारायला कोणी नकार दिला, तर तेही तारखेसह लिहा आणि स्पीड पोस्टाने पाठवा.