शून्य किलोमीटरची बुलेट

जुन्या मोटरसायकलचा मीटर फिरवून शून्यावर आणायचा आणि त्याला रिस्टोरेशन म्हणायचं, याला माझ्या भाषेत खाडाखोड म्हणतात. सातबाऱ्यावर कुणी खाडाखोड केली तर आपण कोर्टात जातो. गाडीच्या मीटरवर केली तर फोटो काढून मित्रांना दाखवतो. कमाल आहे!

हा उद्योग सध्या जोरात आहे. आपल्यासारख्या आयटीवाल्यांच्या हातात चार पैसे असतात, शनिवार-रविवार मोकळा असतो. मग सत्तरच्या दशकातली एखादी बुलेट नाहीतर येझदी शोधायची, रंग-क्रोम करून घ्यायचं. इथवर ठीक. पण मग नजर जाते मीटरवर. डायल पिवळी पडलेली, काटा आखडलेला. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, नवीनच टाकू. झिरो किलोमीटर!" साहेब खूश.

अरे, पण त्या डबीत आहे काय ते तरी बघा! पुढच्या चाकाकडून येणारी केबल आत एक लोहचुंबक फिरवते. त्याच्यावर, त्याला न टेकता, अ‍ॅल्युमिनियमची छोटी वाटी असते. अ‍ॅल्युमिनियम काही चुंबकाला चिकटत नाही, पण चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत काटा जिथे थांबतो तो तुमचा वेग. स्ट्रासबर्गच्या ऑटो शुल्झेने १९०२ साली याचं पेटंट घेतलं. ना बॅटरी, ना सॉफ्टवेअर. आपला कोड पाच वर्षं टिकला तर आपण पार्टी मागतो.

आणि या यंत्राला होतं काय? बहुतेक वेळा मामुली आजार. केबलला सढळ हाताने ग्रीस चोपडलं की ते वर चढत मीटरमध्ये शिरतं, आणि वर्षानुवर्षं सुकून त्याचा डिंक होतो. माझ्या १९७८च्या बुलेटचा काटा असाच ३०वर अडून बसायचा. काचेभोवतीच्या रिंगची दुमडलेली कड थोडी थोडी उचलून मीटर उघडला, वाळलेलं ग्रीस काढलं, फिरणाऱ्या आसाला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब दिला. काचेखालचं रबर बदललं. केबलला ग्रीस लावताना मीटरकडचं टोक कोरडं ठेवलं. डायलवर मऊ, कोरड्या ब्रशशिवाय काही फिरवलं नाही, कारण थिनर लागला की छापील आकडेच हातात येतात. दोन रविवार गेले, बस्स. आणि हो, काटा नाचत असेल तर आधी केबल बघा. ती दुमडलेली किंवा कोरडी असली तरी बिचाऱ्या मीटरला शिव्या बसतात.

माझा नियम साधा आहे. केबल, रबर, बल्ब झिजण्यासाठीच असतात, ते खुशाल बदला. काच फुटली तर तीही. डायल आणि आकडे ही साक्ष आहे, तिला हात लावू नका.

तुम्ही म्हणाल, पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर आपोआप शून्यावर येतोच की! येतो ना. पण ते शून्य गाडीने कमावलेलं असतं. मीटर पार कामातून गेला असेल तर? तर जरूर बदला, रस्त्यावर वेग कळलाच पाहिजे. फक्त जुना आकडा आणि तारीख लिहून आरसीच्या फायलीत ठेवा, जुना मीटर फडक्यात गुंडाळून जपा आणि गाडी विकाल तेव्हा दोन्ही द्या. घेणारा त्या आकड्यावरून इंजिन किती चाललंय याचा अंदाज बांधतो, पैसे मोजतो. त्याला न सांगता शून्य विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे, मग तुम्ही तिला कितीही कौतुकाने रिस्टोरेशन म्हणा.

ऑफिसात कुणी प्रॉडक्शनचे लॉग उडवले तर सोमवारी आपण त्याचं काय करू? या गाडीचा लॉग म्हणजे तो मीटरच. तिच्यावर कुणी रोज पहाटे दूध घातलं असेल, कुणी बायकोला रातोरात दवाखान्यात नेलं असेल. आपण पैसे देऊन लोखंड घेतलं. ते किलोमीटर त्यांचे आहेत, खोडायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

नवं कोरंच हवं असेल तर सरळ शोरूममध्ये जा. बुलेट अजून मिळते.