चिठ्ठी कोण लिहिणार?



दलित-आदिवासींची कला सातासमुद्रापार गेली, परदेशातल्या भिंतींवर लागली, आता तक्रार कसली करता? हा सवाल आजकाल फार ऐकू येतो. पांढरपेशे रसिक विचारतात ते सोडा, त्यांचा तो धंदाच आहे. पण जयंतीच्या मंडपात आपलीच पोरं हे विचारायला लागलीत, म्हणून हा मजकूर.

भिंत कुणाची? खिळा कुणी ठोकला? आणि चित्राखालची ती बोटभर चिठ्ठी कुणी लिहिली? एवढं आधी सांगा. मग बघू तक्रार आहे का नाय.

लंडनमध्ये रसेल स्क्वेअरपाशी ब्रुनाय गॅलरी आहे. सोआस नावाच्या विद्यापीठाची. आशिया, आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली कला-संस्कृती तिथं मांडतात. १९९५ साली उघडली. ब्रुनायच्या सुलतानानं पैका दिला म्हणून त्याच्या मुलखाचं नाव. आत जायला तिकीट नाय, ही गोष्ट चांगली. मी काही तिथं गेलेलो नाय. भिवंडीत लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्याकडं पासपोर्ट कुठला? पण गॅलरीची कुंडली वाचायला विमान लागत नाय.

हे सोआस म्हंजे १९१६ साली सनद मिळालेलं स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज. ओरिएंटल म्हंजे पूर्वेकडचं, म्हंजे आपण. आफ्रिका त्यात १९३८ साली घातली. हे काढलं कशाला? साहेबाला राज्य चालवायचं होतं, व्यापार करायचा होता. ज्याच्यावर राज्य करायचं त्याची भाषा, चालीरीत, देवधर्म कळल्याबिगर सारा वसूल होत नाय. म्हणून शाळा. पुढं राज्य गेलं, शाळा राहिली, आणि ज्यांचा अभ्यास केला त्यांची संस्कृती भिंतीवर आली. आता तिथं साम्राज्याला शिव्या घालणारेही शिकवतात, हे मला ठाऊक आहे. तेवढ्यानं पाया बदलत नाय.

त्याच १९१६ सालातल्या आणखी दोन गोष्टी सांगतो.

ओटा बेंगा नावाचा एक माणूस होता. काँगोच्या जंगलातला, बुटक्या चणीच्या जमातीतला. गोऱ्यांनी त्याला १९०४ साली सेंट लुईसच्या जत्रेत नेऊन मांडला. मग सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात, माकडांच्या घरात ठेवला. माकडांच्या घरात! बघायला माणसांची रीघ. पिंजऱ्याबाहेर पाटी लावली होती, त्याचं नाव, उंची, वजन, कुठून आणला ते सगळं लिहून. काळ्या पाद्र्यांनी बोंब मारली तेव्हा त्याला काढला. पुढं व्हर्जिनियात तंबाखूच्या कारखान्यात कामाला लागला. गड्या, कामगारच होता तोही. घरी परत जायची त्याची वाट बंद झाली होती. २० मार्च १९१६ ला त्यानं स्वतःला गोळी घालून घेतली.

त्यानंतर दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्याच न्यूयॉर्कात, ९ मे १९१६ ला, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर नावाच्या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकाच्या वर्गात एक पंचवीस वर्षांचा पोरगा निबंध वाचायला उभा राहिला. महाराचा पोरगा. निबंध 'भारतातील जाती' यावर. त्याची सुरुवात कशानं आहे ठाऊक आहे? प्रदर्शनानं! बाबासाहेब तिथं म्हणतात की वस्तूंची प्रदर्शनं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील, पण माणसाच्या संस्थांचं प्रदर्शन मांडायची कल्पना कुणाला विचित्र वाटेल. आणि मग ते जात नावाची संस्था उलगडून समोर ठेवतात. ती कशी तयार झाली, कशी फिरते, कुठं कुठं खिळा मारलाय. जातीतल्या जातीत लग्न हा तिचा आस, हे सगळं.

हे नीट समजून घ्या. मानववंशशास्त्राचा वर्ग म्हंजे काळ्यासावळ्या माणसांना तपासायची जागा. कवटी मोजा, नाक मोजा, टोपली कशी विणतो ते लिहून घ्या. त्या जागेत ज्याचं नाक मोजायचं तोच उठला आणि म्हणाला, बसा खाली, तुमच्यासमोर मी मांडतो. मांडलं काय? आपलं दुःख नाय, आपला नाच नाय, ढोल नाय. आपल्याला तुडवणारं यंत्र मांडलं.

पुढं लंडनला असताना बाबासाहेब ब्रिटिश म्युझियममध्ये जात. ग्रंथालय तेव्हा त्याच इमारतीत होतं. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव दगडही तिथंच लावलेले होते, बुद्धाचं घर फोडून नेलेले. बाबासाहेब वाचनाच्या खोलीत दिवसभर बसत. त्या वाचण्यातून काय निघालं ते तुम्हांला सांगायला नको.

आता आपल्या मुलखात या.

पूर्वीचा आपला ठाणे जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला तोडला. डहाणू, तलासरी, जव्हार पालघरात गेले. शहापूर-मुरबाड ठाण्यात राहिले. वारली तिकडं जास्त, इकडं ठाकूर, महादेव कोळी, कातकरी जास्त. पण सावकार, जंगलखातं आणि वीटभट्टी दोन्हीकडं एकच. म्हणून वारली चित्राची गोष्ट मी परकी मानत नाय.

वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहितात. गेरू-शेणानं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, काडीचं टोक. लिहिणाऱ्या बाया, सवाष्णी. मध्ये पालघट देवी. धवलेरी गाणं म्हणते, ती पण बाईच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूकडं गेले, त्यांनी कागद दिला, रंग दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे त्यातून पुढं आले. अस्सल कलावंत. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २००३ साली जर्मनीत ड्युसेलडोर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर प्रदर्शन, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते वारले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. या माणसानं आपल्या हातानं जग हलवलं.

पण चिठ्ठी बघा. चिठ्ठीवर काय येतं? 'लग्नचौक. वारली. तांदळाचं पीठ, गेरू. निसर्गाशी एकरूप झालेल्या आदिम जमातीची आनंदी कला.' एकरूप! ज्या निसर्गात लाकडाची मोळी तोडली म्हणून जंगलखात्याचा गार्ड कोयता हिसकावून घेतो, तोच ना? आणि भिंती लिहिणाऱ्या त्या शेकडो बाया? त्यांच्यातल्या किती जणींचं नाव चिठ्ठीवर आलं?

लग्नचौक सगळ्या जगानं पाहिला. लग्नगडी कुणी पाहिला? लग्नासाठी सावकाराकडनं पैसे घ्यायचे आणि त्या पैशापायी नवरा-बायकोनं जन्मभर त्याच्या खळ्यावर राबायचं, याला लग्नगडी म्हणत. ज्या लग्नाचा चौक भिंतीवर लिहिला त्याच लग्नापायी माणूस गहाण पडायचा. एका भिंतीवरच्या या दोन गोष्टी. एक लंडन-पॅरिसला गेली, दुसरी चिठ्ठीतसुद्धा मावली नाय.

मावेल कशी? ती लिहिली तर मग पुढचंही लिहायला लागेल. ७ जानेवारी १९४५ ला टिटवाळ्यात, म्हंजे आपल्या उंबरठ्यावर, किसान सभेची परिषद झाली. मूठभर वारली तिथं आले होते. परत गेले ते पेटूनच गेले. वेठ बंद, लग्नगडी बंद म्हणाले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे पडले. तारपा वाजवणारे, गोल फिरणारे ते काडीसारखे हातपाय तुम्ही पिशवीवर, कपावर, पंचतारांकित हॉटेलात बघता ना? ते हातपाय बंदूक अंगावर घेऊन उभे राहिले होते. हे लिहा चिठ्ठीवर!

वेठबिगारी कायद्यानं १९७६ साली गेली. कागदावर. कातकरी आजही पावसाळा संपता संपता भट्टीवाल्याकडनं उचल घेतो, पोराबाळांसकट भट्टीवर जातो, विटा थापतो आणि जेठात परत येतो तेव्हा वहीत फिटलेलं काही नसतं. त्या वहीइतकी संस्कृती सांगणारी दुसरी वस्तू आपल्या तालुक्यात नाय. कुठल्या गॅलरीनं मागितली ती?

ब्रुनाय गॅलरीच्या भिंतीवर एक दगडी पाटी आहे. तिच्यावर लंडन विद्यापीठानं माफी मागितलीय. कुणाची? आफ्रिकेची? नाय. हिंदुस्थानची? नाय. त्या भागातल्या जुन्या जमीनदाराची, रसेल घराण्याची! इमारतीचा नकाशा ठरवताना तुम्हांला नीट विचारलं नाय, तुमची संमती घेतली नाय, म्हणून मनापासून दिलगीर आहोत, असा मजकूर. मी हे वाचलं तेव्हा हसावं का रडावं कळेना. दोन खंडांच्या वस्तू आत, आणि माफी मालकाची.

आमच्या शहापुरात तानसा बांधला, १८९२ साली पुरा झाला. मागून भातसा झाला. मुंबई आमचं पाणी पिते, आणि चैत्र-वैशाखात आमच्या पाड्यांवरच्या बाया टँकरच्या मागं हंडा घेऊन पळतात. धरणाच्या पोटात गेलेल्यांना नीट विचारलं नाय म्हणून दगडात कोरलेली माफी कुणी दाखवावी, मी त्याला खांद्यावर घेऊन आसनगावपर्यंत जाईन.

कुणी म्हणेल, जग बदलतंय. २०२१ साली केंब्रिजच्या एका कॉलेजानं आणि अॅबरडीन विद्यापीठानं १८९७ साली लुटलेल्या बेनिनच्या ब्राँझच्या मूर्ती नायजेरियाला परत दिल्या. दिल्या, बरं झालं. चोरानं माल परत दिला तर त्याला हार घालायचा नसतो.

आणि दोष नुसता गोऱ्याचा नाय. मुरबाडच्या वैशाखऱ्यावरून वर चढा, नाणेघाट लागतो. तिथल्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीची गॅलरी आहे. सातवाहन राजे-राण्यांचे पुतळे ओळीनं कोरले होते. पुतळे फुटून गेले, वर ब्राह्मीत कोरलेली नावं शाबूत आहेत. माणूस नाय पण चिठ्ठी आहे! शेजारच्या भिंतीवर केलेल्या यज्ञांची यादी, दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांचा हिशेब. तो घाट ज्यांनी फोडला, ते लेणं ज्यांनी खोदलं, ओझी ज्यांनी वर चढवली, त्यांच्यासाठी एक अक्षर नाय. म्हंजे राजा असेल तर अंग झडलं तरी नाव उरतं, आणि राबणारा असेल तर वस्तू उरते, नाव झडतं. लूमवरनं निघणाऱ्या ताग्यावर मालकाचा छाप असतो, मीटर असतात. विणणाऱ्याचं नाव कधी बघितलंय?

नाव आलं म्हंजे झालं, असंही नाय. पाटणगढचा जनगढसिंग श्याम. परधान गोंड, भोपाळच्या भारत भवनानं त्याला पुढं आणला. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं होती, नावानिशी. २००१ साली जपानच्या एका खेड्यातल्या संग्रहालयात तो चित्रं काढायला गेला आणि तिथंच त्यानं जीव दिला. चाळिशीचासुद्धा नव्हता धड. नाव चिठ्ठीवर होतं, पण केव्हा परतायचं ते ठरवणं त्याच्या हातात होतं का? ओटा बेंगाला जो सवाल विचारायला पायजे होता, तोच पंचाऐंशी वर्षांनी परत विचारावा लागतो.

आता आपल्यातल्यांना दोन शब्द. लग्नपत्रिकेवर वारली चित्र छापता आणि कातकरवाडीत पाय टाकत नाय, हे ढोंग बंद करा. परदेशी पाहुणा आला की ठाकरांचा ढोल लावून कांबड नाच करायला लावता, आणि पाहुणा गेल्यावर नाचणाऱ्याला वडापाव देऊन वाटेला लावता. पाटी बदलली, पिंजरा तोच. दुसरी जात अशी की गॅलरीचं नाव काढलं की थुंकते. तिकडं जायचंच नाय म्हणते. बाबासाहेब गेले नसते कोलंबियात तर? जायचं. पण मांडायला जायचं.

आणि जायच्या आधी इथं मांडायचं. येत्या १४ एप्रिलला शहापूर-मुरबाडात ज्या वस्तीत खोली मिळेल त्या खोलीत मांडू. ज्याच्या घरात आज्याची येसकरकाठी असेल त्यानं ती आणावी. वतनाचा कागद, भट्टीच्या उचलीची वही, बंद पडलेल्या गिरणीचा पास, टँकरखाली चेपलेला हंडा, जंगलखात्याची पावती, जे असेल ते. ठाकूर-कातकरी पोरांना आधी विचारा, त्यांना पायजे असेल तर त्यांनी त्यांचं मांडावं, त्यांच्या तोंडानं. चिठ्ठी ज्याची वस्तू त्यानंच लिहायची. लिहिता येत नसेल तर तो सांगेल तसं दुसऱ्यानं उतरून घ्यायचं, एक शब्द साफ करायचा नाय. कुणाचं, कुठल्या गावचं, कुणासाठी राबताना वापरलेलं, आणि त्याबद्दल काय मिळालं, एवढं पायजेच.

स्टेन्सिलचा उरलेला कागद आमच्याकडं आहे, तो चिठ्ठ्यांना चालेल. खिळे मी आणतो.

जयभीम.