गाडी कोणाची नव्हे, गाडी कशाची

झाडं छाटणाऱ्या गाड्यांना वेगळा वर्ग आणि वेगळा परवाना हवाच कशाला, असा सवाल नागपुरातल्या एका जाणत्या गृहस्थांनी परवा चारचौघांत केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ट्रक तो ट्रक. त्यावर विटा लादा, संत्री लादा, नाही तर माणसाला वर नेणारा पाळणा बसवा. परवान्याचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने मिटवला आहे. आता आणखी नियम म्हणजे आरटीओच्या दारातल्या एजंटांची नवी कमाई. आणि वादळात झाड आडवं झालं की लोकांना रस्ता मोकळा हवा असतो, कागद नको असतात.

एजंटांबद्दल ते बोलले ते खरं आहे. बाकी सगळं चुकीचं आहे.

आधी न्यायालयाचं बघू, कारण त्याच आधारावर त्यांची मान ताठ होती. ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एवढंच ठरवलं, की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७५०० किलोच्या आतलं व्यावसायिक वाहनही चालवू शकतो, त्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागत नाही. पण घातक माल वाहणाऱ्या गाड्या किंवा ई-रिक्षा यांच्यासाठीचे खास निकष न्यायालयाने तसेच ठेवले. म्हणजे गाडीच्या कामावरून वेगळी अट घालता येते, हे त्या निकालातही आहे. निकाल अर्धा वाचायचा आणि भांडण पूर्ण करायचं, याला काय म्हणावं? शिवाय ७५०० किलो ही मर्यादा काही लहान नाही. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ नंतर कारची परीक्षा पास होणाऱ्याला साधारणपणे ३५०० किलोपर्यंतचीच गाडी हाकता येते.

पण माझा खरा संताप दुसऱ्या गोष्टीचा आहे. वेगळा वर्ग कशाला, असं हे गृहस्थ विचारतात; तो वर्ग २००४ पासून कागदावर आहे! मोटार वाहन कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली केंद्राने ५ नोव्हेंबर २००४ ला वाहनांची यादी काढली. तीत ‘परिवहनेतर’ म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाड्यांमध्ये टॉवर वॅगन आणि झाडं छाटणारी वाहनं आहेत. मात्र एक अट आहे : ती केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीची हवीत. महापालिकेची गाडी या वर्गात बसते. तेच यंत्र, तोच पाळणा, तेच धरमपेठेतलं गुलमोहराचं झाड, पण गाडी कंत्राटदाराची असेल तर ती या नोंदीतून बाहेर. तिच्यासाठी यादीत दुसरी नेमकी जागा नाही. मग ती मालवाहू म्हणून पास होते, किंवा क्रेन म्हणवून घेते. मालवाहू म्हणून पास झालेल्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस दाखवावी लागते. महापालिकेच्या गाडीला मात्र पंधरा वर्षं कोणी विचारत नाही. सातबारा बदलला म्हणून विहिरीचं पाणी बदलतं का?

नागपूरकरांना तर हे जास्त कळायला हवं. २००५ पर्यंत इथल्या वीजतारांवरच्या फांद्या वीज मंडळाच्या होत्या, मग त्या महावितरणकडे आल्या. २०११ साली महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे विभाग खासगी फ्रँचायझीकडे गेले, २०१९ मध्ये परत महावितरणकडे आले. या काळात कडुनिंब तेच राहिले, ताराही त्याच राहिल्या. पण यादीतले शब्द प्रमाण मानले तर फांदी छाटणाऱ्या गाडीचा वर्ग प्रत्येक हस्तांतरणाला तपासावा लागला असता. आणि महावितरण ही सरकारी मालकीची कंपनी ‘राज्य’ मानायची की नाही, यावर दोन वकील तीन मतं देतील. त्यात १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं उलटलेल्या सरकारी आणि महापालिकांच्या गाड्यांची नोंदणी नव्याने होत नाही. जुनी गाडी गेली की तिच्या जागी कंत्राटदाराची येणार. म्हणजे ज्या गाडीसाठी नोंद केली ती कमी होत जाणार, आणि जी वाढणार तिला नोंदच नाही.

ट्रॅक्टरचा जुना वाद इथे आठवतो. फांद्या भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर शेतीचा की वाहतुकीचा, यावर कितीतरी बैठकांत घसे कोरडे झाले. पण निदान तो वाद कामाचा होता. यादीने शेतीचा ट्रॅक्टर वेगळा ठेवला आणि रस्त्यावर वापरला जाणारा वेगळा. मालकाचं नाव कोणी विचारलं नाही.

वादळात कागद नकोत, म्हणे. अग्निशमनाच्या गाड्यांनाही कागद असतात, आणि त्या वेळेवर येतात.

ट्रक तो ट्रक, हेही खोटं आहे. विटांचा ट्रक धावताना धोक्याचा असतो. झाडं छाटणारी गाडी उभी असताना. टेकू भुसभुशीत मातीवर रोवले, यंत्राचा हात तारेच्या दिशेला वळला, की पाळण्यातला माणूस जातो. फिटनेसच्या तपासणीत ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, वायपर येतात. माणसाला वर धरणारा तो हात येत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. यादीतले मालकीचे शब्द काढा आणि गाडीवर कायम बसवलेल्या यंत्रावरून वर्ग ठरवा. हाकण्याचा परवाना वजनावरूनच राहू द्या. पाळणा चालवणाऱ्याला कायद्याच्या दहाव्या कलमातल्या ‘विशिष्ट वर्णनाच्या वाहना’खाली नोंद द्या, ती तरतूद आजही आहे. हात आणि टेकू यांची तपासणी वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी व्हावी, गाडी पालिकेची असो वा कंत्राटदाराची. यादी दिल्लीत बदलेल तेव्हा बदलेल. तोवर महापालिकेचा उद्यान विभाग मान्सूनपूर्व छाटणीच्या पुढच्या निविदेत ही तपासणीची अट आपल्या अधिकारात घालू शकतो. नवतपा संपायच्या आत ती निविदा निघते की नाही, ते मी बघणार आहे.