जुना कॅमेरा : घरी उघडावा की कारागिराच्या हाती द्यावा?

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे १९५० आणि १९६० च्या दशकांत मुंबईहून व कोकणातून इस्राएलला आली, तेव्हा काहींच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेला एखादा कॅमेराही होता. तो आता नातवंडांच्या हाती लागतो आणि “हा पुन्हा चालेल काय?” असे आम्हांस विचारले जाते. मोबाइलवर वाटेल तितकी छायाचित्रे काढणाऱ्या मुलांना बारा चित्रांच्या रिळाची ओढ लागावी, याचे आम्हांस कौतुकच वाटते. सर्व जातींच्या कॅमेऱ्यांविषयी येथे लिहिणे शक्य नाही. म्हणून जर्मनीत म्युनिक येथे पूर्वी तयार होत असलेल्या ‘आग्फा आयसोलेट’ या घडीच्या कॅमेऱ्याचे उदाहरण घेऊ.

दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट. कॅमेऱ्याची पाठ एकदम उघडू नये. पाठीवरील लाल खिडकीत आकडा दिसतो काय, ते मंद उजेडात पाहावे. न दिसला तरी फिरकी हळूहळू फिरवून पाहावी, कारण रीळ दोन आकड्यांच्या मध्येच थांबलेले असू शकते. रीळ आढळल्यास ते अखेरपर्यंत गुंडाळून मगच कॅमेरा उघडावा. कृष्णधवल फिल्मवरील चित्र कित्येक दशकांनंतरही धुऊन मिळाल्याची उदाहरणे आहेत. घाईने झाकण उघडणाऱ्याच्या हातून कोणाच्या लग्नाचे, कोणाच्या दिवंगत वडिलांचे चित्र कायमचे पुसले जाईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जे काम फसले तरी पूर्ववत करता येते ते घरी करावे, जे करता येत नाही त्यास हात लावू नये, असे आमचे मत आहे. बाहेरची धूळ मऊ कुंचल्याने झाडणे, भिंगावर रबरी फुग्याने हवा मारणे, चामड्याचे सुटलेले टोक चिकटवणे, ही कामे शाळकरी मूलही करील. भात्याची परीक्षाही घरीच होते. अंधाऱ्या खोलीत भाता पूर्ण उघडून आत लहान विजेरी धरावी. घड्यांच्या कोपऱ्यांतून प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तेथून फिल्मवर उजेड पडणार हे निश्चित. आयसोलेटच्या भात्यात हा दोष नेहमी आढळतो. एखाददुसऱ्या छिद्रास काळा रंग किंवा काळी पट्टी तात्पुरती चालते. ठिपके पुष्कळ असतील तर भाताच बदलावा लागतो.

या कॅमेऱ्याचा खरा शत्रू मात्र त्याचे ग्रीस आहे. अंतर जुळवण्याच्या आट्यांत भरलेले हिरवट ग्रीस काळाने गोंदासारखे घट्ट होते आणि पुढचे भिंग त्यामागच्या भिंगाच्या चौकटीस चिकटून बसते. मग कडे फिरवले की दोन्ही एकदम फिरतात. कडे फिरते खरे, पण चित्र अस्पष्ट येते. येथेच घरगुती कारागिराचा घात होतो. तो पक्कड लावून जोर करतो. कडे सुटले तरी आटे कोणत्या जागी बसवावयाचे याची खूण हरवते, आणि फिल्मच्या जागी दुधी काच ठेवून दूरच्या वस्तूवर भिंग पुन्हा जुळवून घेतल्याखेरीज कॅमेरा सरळ होत नाही. हे काम सराईत हाताचे आहे.

शटरचेही तसेच. एका सेकंदावर ठेवले असता पाती उघडीच राहत असतील, तर आतील घड्याळासारखी चाके सुकली आहेत असे समजावे. काही जण तेथे तेलाचा थेंब सोडतात. आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली म्हणून प्रसिद्ध होते हे खरे. तथापि या घाण्यात तेल घालू नये! ते पात्यांवर पसरते, पाती एकमेकांस चिकटतात, आणि साफसफाईचे काम दुप्पट होते. वेगवान आकडे नीट चालत असतील व चित्रे भर उन्हातच काढावयाची असतील, तर शटर आहे तसेच राहू द्यावे.

अॅशदोदसारख्या समुद्रकाठच्या गावी भिंगात बुरशी धरते. ती थोडी असल्यास चित्रावर फारसा परिणाम होत नाही. तिने काच खाल्ली असेल तर कारागीरही ती भरून देऊ शकत नाही.

कारागिराकडे जाताना काय विचारावे? या जातीचा कॅमेरा त्याने पूर्वी उघडला आहे काय, अंतर दुधी काचेवर तपासून देईल काय, शटरचे वेग यंत्राने मोजून देईल काय, आणि एकूण खर्च किती, हे काम सोपवण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. खर्च कॅमेऱ्याच्या बाजारभावाहून अधिक निघाला तर आश्चर्य मानू नये. वडिलांच्या हातचा कॅमेरा आहे म्हणून तो खर्च करावयाचा की कॅमेरा कपाटात तसाच ठेवावयाचा, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. मात्र ‘पुढे पाहू’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, हे काम जाणणारे हात आता थोडे व वयस्क आहेत.

दुरुस्त होऊन आलेल्या कॅमेऱ्याने पहिले रीळ लग्नसमारंभात वापरू नये. एक चित्र दूरच्या इमारतीचे, एक दहा पावलांवरील माणसाचे, एक जवळच्या वस्तूचे, अशी बारा चित्रे काढून प्रत्येकाचा वेग व अंतर वहीत टिपून ठेवावे. रीळ धुऊन आल्यावर काही दोष दिसला, तर ती वही कारागिरासमोर ठेवता येईल.