वस्तुपारख : दोष नेमका कोणाच्या खात्यावर?

हिशेबात फरक पडला म्हणून जाणता मुनीम सगळी वही नव्याने लिहायला घेत नाही. तो रोजमेळ आणि खतावणी समोरासमोर ठेवतो, कोणत्या नोंदीपर्यंत रक्कम जुळते ते पाहतो आणि जेथे जुळणे थांबते तेथेच बोट ठेवतो. जुन्या विद्युत् यंत्राच्या दुरुस्तीलाही हीच शिस्त लागते. ती सोडून एकामागून एक सुटे भाग बदलत जाणाऱ्याचा पैसा वाया जातो. शिवाय चांगले चालणारे भागही त्याच्या हातून बिघडतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे नाणे टाकून खेळण्याचे ‘पॅक-मॅन’ हे यंत्र. जपानच्या नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी रचलेला हा खेळ १९८० साली बाजारात आला आणि मिडवे कंपनीने तो अमेरिकेत पोहोचविला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याला आपल्या संग्रहात स्थान दिले. अमेरिकेतील संग्राहक आजही त्याची उंच लाकडी कपाटे जपून ठेवतात. कपाटाच्या तळाशी ट्रान्सफॉर्मर असतो आणि आत खेळाचा सर्किट बोर्ड, स्पीकर व १९ इंची रंगीत मॉनिटर असतो. चाळिशी ओलांडलेल्या अशा यंत्रात चित्र किंवा आवाज बिघडणे स्वाभाविक आहे. पण बिघाड यांपैकी कोणाच्या खात्यावर मांडायचा, हे ठरविणे हेच दुरुस्तीचे निम्मे काम होय.

आरंभी एक फसवा दोष. नव्याने यंत्र घेतलेला मनुष्य ते सुरू करतो. पडद्यावर भुते व चक्रव्यूह दिसतात, परंतु आवाज नाही. तो लगेच स्पीकर बदलण्याच्या विचारात पडतो. वास्तविक, खेळणारा कोणी नसताना पॅक-मॅन मूकच राहतो. त्याची रचनाच तशी आहे. नाणे टाकून खेळ सुरू केला की आरंभीची धून वाजते. म्हणून पहिली परीक्षा नाण्याची. आतील तपासणीचा स्विच दाबून दांडी हलविल्यासही निरनिराळे आवाज ऐकू यावयास हवेत.

तेव्हाही शांतताच असेल तर शोध स्पीकरकडून मागे न्यावा. यंत्र बंद करून स्पीकरची एक तार सोडवावी आणि दीड व्होल्टच्या साध्या बॅटरीची टोके स्पीकरला क्षणभर टेकवावीत. ‘खर्र’ असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. मग आवाज कमी-जास्त करण्याचे बटण पाहावे. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेल्या बटणाच्या आत गंज चढतो. ते अनेकदा फिरविल्याने आवाज परत येण्याची उदाहरणे कमी नाहीत. तेही निर्दोष ठरले, तरच बोर्डावरील ध्वनिवर्धकाकडे वळावे.

आता उलट प्रसंग. पडदा काळा आहे, पण नाणे टाकून खेळ सुरू करताच धून वाजते. ही धून मौल्यवान साक्ष आहे. सर्किट बोर्डाला वीज मिळते आणि त्याचा कार्यक्रम नीट चालतो, हे तिने सिद्ध केले. संशय आता मॉनिटरवर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तारांवर उरतो. अंधाऱ्या खोलीत, हात दूर ठेवून, पिक्चर ट्यूबच्या मागील निमुळत्या मानेकडे पाहावे. या जातीच्या बहुतेक मॉनिटरांत मानेतील तंतूला वीज फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरकडून मिळते. तेथे नारिंगी उजेड असेल तर मॉनिटरचा उच्च दाबाचा भाग बहुधा चालू आहे. उजेड नसेल तर फ्यूज, त्यामागचा वीजपुरवठा आणि आडव्या रेषा आखणारा ट्रान्झिस्टर या क्रमाने तपास करावा. पुनःपुन्हा उडणारा फ्यूज अधिक क्षमतेच्या फ्यूजने बदलणे म्हणजे थकलेले देणे वहीतून खोडून टाकणे होय. देणे त्याने फिटत नाही.

कधी चित्र आकसून एकच प्रखर रेघ उरते. साध्या दूरचित्रवाणी संचात ही रेघ आडवी दिसते. पॅक-मॅनचा मॉनिटर मात्र आडवा वळवून बसविलेला असल्याने ती उभी दिसते. दोष तोच, चित्राला दुसऱ्या दिशेने पसरविणाऱ्या मंडलाचा. अशा वेळी उजळपणा तत्काळ कमी करावा किंवा यंत्र बंद करावे. अन्यथा ती रेघ पडद्यावर कायमची भाजली जाते.

रंगाचा दोष ओळखण्यासाठी खेळातील पात्रेच पुरेशी आहेत. पिवळा रंग हा लाल व हिरव्या प्रकाशाचा संयोग. म्हणून पॅक-मॅन हिरवा दिसू लागला आणि लाल भूत नाहीसे झाले, तर लाल रंग गेला. पॅक-मॅन लाल झाला तर हिरवा गेला. चक्रव्यूहाच्या भिंती जवळजवळ विझल्या तर निळा गेला. रंग कोठे अडला, हे शोधण्याची युक्तीही सोपी आहे. यंत्र बंद करून बोर्डाकडून मॉनिटरकडे जाणाऱ्या लाल व हिरव्या संकेतांच्या तारांची अदलाबदल करावी. आता गैरहजर रंग बदलला तर दोष बोर्डाचा किंवा तारेचा. पूर्वीचाच रंग गैरहजर राहिला तर मॉनिटरचा. एकही भाग विकत न घेता निवाडा होतो.

चित्राच्या कडा लाटांसारख्या हलणे आणि स्पीकरमधून अखंड घुमणारा आवाज येणे, या दोहोंमागे बहुधा सुकलेले कपॅसिटर असतात. परंतु मॉनिटर आपला वीजपुरवठा स्वतः शुद्ध करतो आणि बोर्ड आपला. म्हणून कडा हलत असून आवाज स्वच्छ असेल तर मॉनिटरचे कपॅसिटर तपासावेत. चित्र स्थिर असून घूं घूं येत असेल तर बोर्डाचे. बोर्डाच्या कडेची जोडणीही पाहावी. सारी वीज तिच्यातून जाते. तिच्या पट्ट्या तापून काळवंडतात आणि मग चित्र व ध्वनी दोन्ही डळमळतात.

एक दोष मात्र कोणीही दुरुस्त करू नये. २५६व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक अक्षरांनी भरून जातो. येथे मॉनिटर निर्दोष असतो. आठ बिटांच्या मोजणीत २५५ च्या पुढे जागाच नसल्याने कार्यक्रमाचा हिशेब चुकतो, एवढेच.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. चालू असताना रंगीत पिक्चर ट्यूबवर वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो भार आत टिकून राहू शकतो. तो रीतसर उतरविणे हे शिकलेल्या कारागिराचे काम आहे. मॉनिटरचे झाकण हौसेने उघडू नये. ट्यूबची मानही नाजूक असते. हलक्या धक्क्याने ती तडकली तर निर्वात नाहीसा होतो आणि ट्यूब कायमची निकामी होते. मूळ ट्रान्सफॉर्मर काढून मॉनिटर थेट भिंतीच्या विजेला जोडणे हेही तितकेच घातक आहे. कारण तो ट्रान्सफॉर्मर मॉनिटरला मुख्य विजेपासून अलग ठेवतो. अमेरिकेतून आणलेले यंत्र १२० व्होल्टचे असते. ते आपल्याकडील २३० व्होल्टवर जसेच्या तसे लावले तर मोठी हानी निश्चित.

असे यंत्र विकत घेणाऱ्याने ते बंद असतानाच पडदा तिरक्या उजेडात पाहावा. अनेक पडद्यांवर चक्रव्यूहाची छाया कायमची उमटलेली असते आणि तिला औषध नाही. कपॅसिटर नवे मिळतात, डाग पुन्हा देता येतात. भाजलेल्या ट्यूबला बदलीची ट्यूब मिळणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत आहे. विक्रेत्याने ती छाया आधी दाखवावी, खरेदीदाराने ती पाहून मोल ठरवावे. मग सौदा झाल्यावर कोणाच्याही मनात फरक उरत नाही.