विसळली म्हणजे घासली नव्हे

दिवाळीची आवराआवर निघाली की आमच्या वाशिमात अजूनही माळ्यावरचे तांबे, घागरी, समया खाली उतरतात. चिंच-मीठ लागले की वर्षभराचा काळेपणा कुठल्या कुठे जातो. त्याच स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात चार-पाच पाण्याच्या बाटल्या उभ्या असतात. एक कचेरीची, दोन शाळेच्या, एक आजोबांच्या उशाशी ठेवायची. त्यांना मात्र दिवाळी नाही नि दसराही नाही! रोज विसळायच्या आणि पुन्हा भरायच्या. “पाणीच तर असतं त्यात,” हे आपले ठरलेले उत्तर.

माझे भांडण आहे ते या उत्तराशीच.

उष्टी वाटी नुसती विसळून कुणी मांडणीवर ठेवील का? तांब्यातले पाणी आपण वरून पितो, ओठ लागू देत नाही. प्रवासातल्या फिरकीच्या तांब्यातलेही पाणी पेल्यात ओतून घेत. बाटलीला मात्र आपण खुशाल तोंड लावतो. दर घोटागणिक थोडी लाळ आणि तिच्याबरोबर तोंडातले जंतू आत जातात. वर झाकण घट्ट, आत ओल आणि ऊब. मग दुसरे काय हवे? थोड्याच दिवसांत आतून बुळबुळीत थर धरतो. तो जंतूंनी स्वतःभोवती बांधलेला किल्लाच असतो. पाण्याच्या धारेने तो ढळत नाही, त्याला घासावेच लागते.

त्याने दर वेळी आजार होतोच असे नाही. पण बाटलीला वास मात्र येऊ लागतो. आमच्या शेजारच्या वहिनींचा धाकटा गेल्या उन्हाळ्यात शाळेतून बाटली भरलेलीच परत आणी. रागावून झाले, समजावून झाले. शेवटी मी झाकण उघडून हुंगले, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात तहानलेले राहिलेले मूल घेरी येऊन पडायला कितीसा वेळ?

उपाय अगदी साधा आहे. रोज रात्री इतर भांड्यांबरोबर बाटलीही कोमट पाणी, साबण आणि लांब दांड्याचा ब्रश यांनी घासावी. झाकणातला रबरी वायसर चमच्याच्या मागच्या टोकाने अलगद काढावा; सगळी घाण दडते ती त्याच्याखाली. चोखायची नळी असेल तर तीही बारीक ब्रशाने आतून साफ करावी. मग झाकण न लावता बाटली रात्रभर उपडी ठेवावी. कोरडे होणे हा धुण्याचाच अर्धा भाग आहे. तोंड अरुंद असेल तर मूठभर तांदूळ नि साबणाचे पाणी घालून खळखळ हलवावी. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल, तर स्टीलच्या किंवा काचेच्या बाटलीत पाणी मिसळलेला व्हिनेगर तासभर ठेवला की तो सुटतो.

दोन-तीन गोष्टी मात्र टाळाव्यात. तांब्याच्या बाटलीत लिंबाचे सरबत किंवा ताक भरू नये. आंबटाने तांबे पाण्यात उतरते. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली विस्तवावर ठेवू नये. प्लॅस्टिकच्या बाटलीला आतून चरे पडले की तिची माया सोडावी, कारण त्या चऱ्यांत ब्रश पोचत नाही. विकतच्या पाण्याची पातळ बाटली महिनोन् महिने वापरणे ही तर काटकसरही नव्हे.

आणि बाटली कितीही लखलखीत असली, तरी तिने पाणी शुद्ध होत नाही. टँकरचे किंवा शंकेचे पाणी खळखळ उकळून, गार करूनच भरावे. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला निघताना पिशवीत एक पेलाही टाकावा. एका बाटलीला घरातल्या पाचांनी तोंड लावण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

तेव्हा यंदा समया घासायला बसाल, तेव्हा बाटल्याही जवळ ओढा. समई वर्षातून एकदा उजळली तरी चालते; बाटलीची दिवाळी मात्र रोज रात्री व्हायला हवी.