डुप्लिकेट आशाताई आणि खरा ब्रेट ली

आशा भोसले आणि ब्रेट ली यांच्या गाण्याला २००६ साली ज्यांनी ज्यांनी नाकं मुरडली, त्या सगळ्यांशी मला भांडायचं आहे. जवळपास वीस वर्षं उशीर झालाय हे मान्य, पण भांडणाचं कारण आत्ता तयार झालंय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: त्या वर्षी आशाताईंचा ‘आशा अँड फ्रेंड्स’ नावाचा द्वंद्वगीतांचा अल्बम आला. संगीत शमीर टंडनचं. वय वर्षं ७३, आणि जोडीला कोण, तर संजय दत्त, उर्मिला मातोंडकर आणि चॅम्पियन्स ट्रॉफी खेळायला भारतात आलेला ब्रेट ली! यातला एकही पेशाने गायक नाही. झालं. आमच्याकडचे यच्चयावत रसिक खवळले. ‘धाकटी बहीण’मध्ये बाबूजींबरोबर गायलेल्या बाईंनी आता फास्ट बोलरबरोबर गायचं? थेरं आहेत म्हणे म्हातारपणीची.

गाणं फार ग्रेट होतं असं माझंही म्हणणं नाही. ब्रेट लीचा गळा त्याच्या यॉर्करइतका पक्का नव्हता. पण समोरच्याचा जेवढा वकूब तेवढ्यात आपलं गाणं बसवणं, त्याला उघडं न पाडता आपण उठून दिसणं, हे काम त्या बाईंनी त्या अल्बममध्ये केलं. आणि द्वंद्वगीत म्हणजे दुसरं काय असतं हो?

शब्द बघा ना. डुएटला आपण युगुलगीत म्हणतो, पण रुळलेला शब्द द्वंद्वगीत. द्वंद्व म्हणजे जोडी आणि द्वंद्व म्हणजे झुंजही. सवाल-जवाबाच्या मातीतला शब्द आहे तो. एकाने जागा घेतली की दुसऱ्याला तिथून पुढे जावं लागतं, नाहीतर हरलास. म्हणजे दोघांनाही एकमेकांचं ऐकू आलं पाहिजे, ही किमान अट.

आता मूळ मुद्दा. आमच्या बदलापुरात (आणि अंबरनाथ, उल्हासनगर, कुठेही जा) कराओके ग्रुपांचं पेव फुटलंय. सोसायटीचा हॉल, एक मिक्सर, दोन माइक, स्टँडवर टॅब. माझा याला काडीचाही विरोध नाही, मी स्वतः जातो. सहा-अठराची लोकल पकडून आठवडा काढणाऱ्या माणसाने शनिवारी रात्री किशोरकुमार व्हायला काय हरकत आहे? अडचण एकच, ग्रुपात पुरुष पंधरा आणि बायका दोन. म्हणून द्वंद्वगीतांसाठी ऑर्केस्ट्रात गाणारी एखादी मुलगी मानधन देऊन बोलावतात. आमच्याकडे उल्हासनगरहून एक जण यायच्या. एका संध्याकाळी पंधरा वेगवेगळ्या पुरुषांबरोबर पंधरा गाणी, आणि प्रत्येकाची चूक वेगळी. कुणी दुसरा अंतरा चार मात्रा आधीच सुरू करतो, कुणाची पट्टी घसरते, कुणी टॅबवरची ओळच हरवून बसतो. त्या बाई हसत हसत ते असं काही झेलायच्या की हॉलमध्ये बसलेल्यांना पत्ताही लागायचा नाही.

गेल्या काही महिन्यांपासून त्यांना बोलावणं बंद झालंय. कुणीतरी ॲप शोधून काढलं. त्यात म्हणे ‘आशाताईंचा आवाज’ आहे. काकांनी आपला भाग गायचा, बाईंचा भाग यंत्र गातं. मानधन वाचलं. वर ग्रुपवर मेसेज, ‘आज साक्षात आशाताईंबरोबर गायलो’, आणि खाली पन्नास अंगठे. हे तेच लोक बरं का, ज्यांना ब्रेट ली चालला नव्हता!

यावर आमच्या धंद्यातलं थोडं सांगतो. हा क्लोन बहुतेक वेळा तयार होतो कसा? दुसरंच कुणीतरी ते गाणं गातं. त्याच्या गाण्यातले सूर आणि शब्द तसेच ठेवायचे आणि आवाजाचा पोत तेवढा आशाताईंचा चढवायचा. म्हणजे श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या अक्षरावर किंचित रेंगाळायचं, कुठे शब्द नुसता सोडून द्यायचा, हे सगळं त्या तिसऱ्याच माणसाचं. बाईंचा गळा आहे, बाई नाहीत. आणि ते आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं, त्यामुळे काका चुकले तर चुकले. ते थांबत नाही, सावरत नाही, त्याला ऐकूच येत नाही.

दोन जिवंत माणसं दोन टोकांना बसून इंटरनेटवरून एकत्र गायला लागली तरी साधारण २५-३० मिलिसेकंदांपलीकडे उशीर गेला की लय सुटायला लागते. दोघंही एकमेकांसाठी थांबतात आणि गाणं पेंगत जातं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तेवढ्या उशिरात फार तर दहा मीटर. आपल्या बदलापूर लोकलमधलं भजनी मंडळ त्या हिशोबात आरामात बसतं. (सकाळी डोकं दुखत असताना टाळ वाजले की मीही वैतागतो, तो विषय वेगळा.) एक जण ओळ टाकतो, गाडी सांधा बदलते, सगळे हेलपाटतात आणि तरीही सम चुकत नाही.

फ्रँक सिनात्राने १९९३ मध्ये ‘डुएट्स’ काढला तेव्हा त्याचे जोडीदार त्याच्या खोलीत नव्हते. त्यांचे आवाज नंतर जोडले, काहींचे तर टेलिफोन कंपनीच्या लाइनवरून. अल्बम धो धो खपला. उलट रे चार्ल्सने शेवटच्या दिवसांत विली नेल्सन वगैरे मंडळींना समोर बसवून गाऊन घेतलं. २००४ मध्ये तो गेल्यावर ती गाणी आली. दोन्ही लागोपाठ ऐका, मग माझ्याशी वाद घाला.

आता कुणी म्हणेल, डुप्लिकेटबद्दल तुम्ही उल्हासनगरच्या शेजाऱ्यांनी बोलावं? जरूर बोलावं! ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकतच आम्ही मोठे झालो. फाळणीत सगळं गमावून लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या माणसांनी त्यातून बाजारपेठ उभी केली. आणि तिथला दुकानदार तुम्हाला जीन्स दाखवताना तोंडावर सांगतो, साहेब, फर्स्ट कॉपी आहे, त्या भावात ओरिजिनल कुठून येणार? ॲपवाला हे सांगत नाही. तो म्हणतो ‘आदरांजली’.

शिवाय माणसाने केलेली कॉपी तिथेच थांबत नाही. टी-सीरीजने जुन्या गाण्यांच्या व्हर्जन कॅसेटी काढल्या तेव्हा शुद्धतावाद्यांनी असाच गळा काढला होता. पण रफीची गाणी गाता गाताच सोनू निगम नावाचा गायक तयार झाला. ॲपमधला आवाज उद्या कोण होणार? उल्हासनगरच्या त्या बाई काहीतरी होऊ शकतात. दर शनिवारी पंधरा बेसुरे सांभाळणं हाच त्यांचा रियाज होता, आणि घरखर्चही.

रेहमानने २०२४ मध्ये ‘लाल सलाम’साठी दोन दिवंगत गायकांचे आवाज असेच वापरले, पण घरच्यांची परवानगी घेऊन, पैसे देऊन. आणि स्वतः आशाताई? आपल्या आवाजाचे क्लोन विकले जाऊ नयेत म्हणून त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई दिली. ब्रेट लीबरोबर गायला ज्या बाईंची ना नव्हती, त्या बाईंनी याला नाही म्हटलं. तरी आमच्या हॉलमध्ये त्यांच्या नावाने ते चालूच.

पुढच्या महिन्यात ग्रुपचा वार्षिक कार्यक्रम आहे आणि रविवारी वर्गणीची मीटिंग. मी माझं गाणं त्या बाईंबरोबरच गाणार असं कळवून टाकलंय, मानधनातला माझा वाटा पाकिटात घालून नेतोय. अजून दोघं तयार झाले तर तिघांचे मिळून उल्हासनगरहून यायचे रिक्षाचे पैसेही निघतील.